ठाणे-नवी मुंबईत घरच्यांचा कार्टिंग वीकएंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नात्यातली आणि मित्रपरिवारातली मंडळी दरवर्षी हिवाळ्यात एक शनिवार-रविवार ठरवून कार्ट पळवतात. निम्मी मंडळी ठाण्याची, निम्मी ऐरोली ते खारघर पट्ट्यातली. तारीख जाहीर झाली की फोनवर तेच तेच प्रश्न येऊ लागतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. तुम्ही तुमच्या सोसायटीसाठी किंवा ऑफिसच्या ग्रुपसाठी असं काही ठरवत असाल, तर तुम्हालाही ही उत्तरं उपयोगी पडतील. घाई असेल त्यांनी निदान प्रश्न ४ वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

१. कार्ट म्हणजे जत्रेतल्या त्या एकमेकांवर आपटायच्या गाड्याच ना?

नाही. त्या गाड्या आपटण्यासाठीच बनवलेल्या असतात. कार्ट ही खरी शर्यतीची गाडी आहे, फक्त लहान. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन वापरून पहिली कार्ट तयार केली. तिची रचना आजही साधारण तशीच आहे: पोलादी नळ्यांची चौकट, चार छोटी चाकं, मागे किंवा बाजूला इंजिन आणि जमिनीला जवळजवळ टेकलेली सीट. सस्पेन्शन नाही, गिअर नाही. भाड्याच्या पेट्रोल कार्टला सहसा २०० ते २७० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात ऑटोमॅटिक स्कूटरसारखाच केंद्रोत्सारी क्लच असतो, त्यामुळे उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर आणि डाव्या पायाने ब्रेक एवढंच सांभाळायचं. बंदिस्त ट्रॅकवर आता बॅटरीवरच्या कार्टही मिळतात. त्या धूर सोडत नाहीत, पण पाय ठेवताच सुसाट सुटतात, म्हणून पहिल्या फेरीत पाय हलका ठेवा.

२. मला गाडी येत नाही, लायसन्सही नाही. मी येऊ का?

जरूर या. ट्रॅक ही खासगी जागा असते, तिथे मौजेसाठी कार्ट चालवायला आरटीओचं लायसन्स लागत नाही. उलट आमचा अनुभव असा की कधीच गाडी न चालवलेली माणसं लवकर शिकतात. कारवाल्यांना उजव्याच पायाने ब्रेक दाबायची सवय असते. ती मोडेपर्यंत त्यांच्या दोन-चार फेऱ्या जातात.

३. मुलगा आठ वर्षांचा आहे, आई पासष्टची. दोघांना चालवता येईल?

मुलांच्या बाबतीत बहुतेक ट्रॅक वयापेक्षा उंची बघतात, आणि तेच बरोबर आहे. पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना पाय पेडलवर पुरला पाहिजे. पाय पुरत नसेल तर पाठीमागे उशा कोंबून भागवू नका. काही ठिकाणी लहान मुलांच्या वेगळ्या कार्ट असतात, काही ठिकाणी मोठ्या माणसासोबत बसायची दोन सीटची कार्ट मिळते. फोन करून आधी विचारा. मुलगा हौसेने तयार होऊन आला आणि दारातून परत पाठवला, तर त्याचा सगळा दिवस जातो.

आईंचं वय आड येत नाही, तब्येत येऊ शकते. मणक्याचा किंवा मानेचा त्रास, हृदयविकार, फिट येण्याचा इतिहास, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर कार्टमध्ये बसायचं नाही. सस्पेन्शन नसल्यामुळे प्रत्येक हादरा थेट पाठीत जातो. ज्यांना बसता येत नाही त्यांच्याकडे आम्ही वेळेची वही आणि निकालाचा फळा देतो. हे काम मनापासून करणारं माणूस नसेल तर वीकएंड उभाच राहत नाही.

४. काय घालून यायचं? पंजाबी ड्रेस चालेल का? मंगळसूत्र काढावं लागेल का?

अंगाबरोबरची पॅन्ट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट किंवा टी-शर्ट आणि नाडीचे बूट. नाड्यांची टोकं बुटात खोचायची. इंजिन आणि सायलेन्सर सीटला खेटून असतात, त्यामुळे हाफ पॅन्ट आणि उघडं कोपर नको, चटका बसतो. चपला, सँडल, टाचांचे बूट, साडी, घेरदार कुर्ता हे सगळं घरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोकळे केस, वेणी, ओढणी, स्कार्फ, हूडच्या दोऱ्या यांतलं काहीही पाठीवर लोंबता कामा नये. कार्टचा मागचा आस, म्हणजे मागची चाकं जोडणारा दांडा, तुमच्या पाठीमागे काही इंचांवर जोरात फिरत असतो. त्यात केस गुंतले की सोडवायला क्षणही मिळत नाही. २०१८ साली हरियाणात पिंजोरच्या उद्यानात आणि २०२० साली हैदराबादजवळ तरुण महिलांचे जीव अशाच अपघातांत गेले. कार्टिंगमधला हा धोका सर्वांत भयंकर आहे, आणि तो पूर्णपणे टाळता येण्यासारखाही आहे. केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर डोक्याची जाळीदार टोपी, त्यावर हेल्मेट. लांब वेणी शर्टाच्या आत घातली तरी ती निसटून वर येते, म्हणून अंबाडाच. लांब केसांच्या मुलांनाही हाच नियम. आमच्याकडे प्रत्येक फेरीआधी एक जण फक्त एवढंच तपासतो, आणि त्याने थांबवलं तर कुणी हुज्जत घालत नाही.

मंगळसूत्र, साखळी शर्टाच्या आत घ्या किंवा काढून ठेवा. बांगड्या, कडी, लोंबते कानातले काढाच. चष्मा चालतो, हेल्मेट चढवल्यावर मग घालायचा. मोबाईल खिशात नको. कॅमेरा लावायचा असेल तर ट्रॅकवाल्यांची परवानगी घेऊन घट्ट बसवलेलाच.

५. वेग किती असतो? कार्ट उलटते का?

भाड्याच्या कार्टचा वेग साधारण ताशी ४० ते ६० किलोमीटर. आकडा लहान वाटतो, पण जमिनीपासून दोन-तीन बोटांवर बसलेल्या माणसाला तो दुप्पट भासतो. कार्टचा भार अगदी खाली असल्याने ती वळणावर सहजासहजी उलटत नाही. उलटते ती एकाचं चाक दुसऱ्याच्या चाकावर चढल्यावर. म्हणून चाकाला चाक भिडवायचं नाही. याबद्दल पुढे प्रश्न १३ पाहा.

६. कोणता महिना चांगला? पावसाळ्यात जमेल का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. एप्रिल-मेमध्ये हेल्मेटच्या आत अक्षरशः शिजायला होतं, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही तीच गत. जून ते सप्टेंबर उघड्या ट्रॅकचा भरवसा धरू नका. कार्टची टायर बहुधा गुळगुळीत असतात, त्यांना पाणी बाहेर फेकायला खाचा नसतात. जोराची सर आली की ट्रॅक बंद. पावसाळ्यातच करायचं असेल तर छपराखालचा ट्रॅक शोधा.

नुसता ओलसर ट्रॅक असेल आणि ट्रॅकवाले सोडत असतील, तर नेहमीची रेषा सोडून थोडं बाहेरून वळा. कोरड्यात सगळे जिथून जातात तिथे टायरचं रबर साचलेलं असतं, आणि ओलं झालं की नेमका तोच भाग सर्वांत निसरडा होतो.

७. ठाण्याहून पलीकडे कसं यायचं? उशीर झाला तर थांबाल का?

रेल्वेने येणार असाल तर ठाण्याहून वाशी किंवा पनवेलची ट्रान्स-हार्बर. पण रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. आमचा निम्मा उशीर त्याच्यामुळेच होतो. गाडीने ऐरोलीचा पूल ओलांडून ठाणे-बेलापूर रस्ता धरा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, त्यामुळे टोलसाठी वाट वाकडी करायचं कारण उरलेलं नाही. ट्रॅक घोडबंदरच्या बाजूला असेल, तर गायमुखच्या चढावर गाड्या तुंबायच्या आत पोहोचा.

थांबणार नाही. फेऱ्यांच्या वेळा आधी राखून ठेवलेल्या असतात आणि एकाच्या उशिराने पुढची सगळी गणितं बिघडतात. उशिरा आलेल्याला दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांत घेतो.

८. खर्च कसा मोजायचा? फेऱ्यांवर पैसे घेणारा ट्रॅक बरा की मिनिटांवर?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, कारण खरा फरक इथेच पडतो. समजा १० फेऱ्यांचं एक तिकीट आहे. नवखा माणूस फेरीला ४५ सेकंद घेत असेल, तर त्याला साडेसात मिनिटं मिळतात. सरावलेला ३६ सेकंदांत फेरी मारत असेल, तर त्याच पैशांत त्याला सहाच मिनिटं. म्हणजे नवख्यांसाठी फेऱ्यांचा दर बरा, सरावलेल्यांसाठी मिनिटांचा. घरच्या मेळाव्यात नवखे जास्त असतात, तेव्हा आम्ही फेऱ्यांचा दर पसंत करतो.

दर सांगितला की जीएसटी धरून आहे का ते विचारा. हेल्मेट आणि डोक्याच्या टोपीचे वेगळे पैसे आहेत का तेही विचारा. संपूर्ण ट्रॅक तास-दोन तासांसाठी मिळाला तर गटाला ते स्वस्त पडतं, आणि अनोळखी उतावळे मध्ये घुसत नाहीत.

९. ट्रॅक निवडताना काय बघता?

बुकिंगआधी आमच्यातला एक जण प्रत्यक्ष जाऊन येतो. तो सर्वांत आधी कार्टची मागची बाजू बघतो: आस, साखळी आणि इंजिन यांवर झाकण आहे का? नसेल तर तिथून परत, दर कितीही कमी असला तरी. मग कडेची टायरं एकमेकांना बांधलेली आहेत का, की नुसती रचून ठेवलेली? प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला माणूस दिसतो का? हेल्मेट लहान मुलांच्या मापाची आहेत का? सैल हेल्मेट घातलेलं मूल आणि बिनहेल्मेटचं मूल यांत फार फरक नाही. चालवण्याआधी सूचना देतात का, हेही बघायचं. पैसे घेऊन थेट कार्टमध्ये बसवणाऱ्या ठिकाणी आम्ही जात नाही.

१०. शर्यत कशी घेता? चांगली कार्ट मिळेल तोच जिंकणार ना?

तुमची शंका रास्त आहे. एकाच कंपनीच्या, एकाच इंजिनाच्या दोन कार्टसुद्धा सारख्या पळत नाहीत. एकीचं टायर झिजलेलं, दुसरीचा क्लच उशिरा पकडतो. म्हणून एकाच फेरीवर निकाल लावायचा नाही आणि एकच कार्ट एकाकडे दोनदा जाऊ द्यायची नाही.

बारा माणसं आणि सहा कार्ट असतील, तर सहा-सहांच्या दोन तुकड्या करा. शनिवारी प्रत्येक तुकडीच्या तीन शर्यती. प्रत्येक शर्यतीआधी कार्टच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या उचलायच्या. आधी मिळालेलाच क्रमांक पुन्हा आला तर चिठ्ठी बदलून घ्यायची. पहिल्याला ६ गुण, शेवटच्याला १. रविवारी बेरजेतले वरचे सहा एका अंतिम शर्यतीत, उरलेले सहा दुसऱ्या अंतिम शर्यतीत. दोन्हींना बक्षीस. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर घासाघीस करणारी माणसं दुसऱ्या शर्यतीत जीव ओतून पळवतात, हे आम्ही दरवर्षी बघतो.

११. माझं वजन ९५ किलो, मेव्हणा ५५ चा. मी कितीही चांगलं चालवलं तरी हरणारच. हा अन्याय नाही का?

आहे, आणि तो आकड्यांत मांडता येतो. कार्टचं वजन १५० किलो धरलं तर तुमची एकूण बेरीज २४५, मेव्हण्यांची २०५. तेवढ्याच ताकदीच्या इंजिनाला तुमच्यासाठी जवळजवळ वीस टक्के जास्त ओझं ओढावं लागतं. वळणातून बाहेर पडताना हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. गंभीर स्पर्धांमध्ये हलक्या चालकांच्या कार्टला वजनं लावतात. काही भाड्याच्या ट्रॅकवरही ही सोय असते, तिचा आग्रह धरा. सोय नसेल तर वजनानुसार दोन गट करा, किंवा प्रश्न १२ मधली पद्धत वापरा. स्वतःच्या पिशवीत डंबेल घालून सीटखाली ठेवणं हा मार्ग मुळीच नाही. सुटलेलं वजन पेडलखाली गेलं तर ब्रेकच लागणार नाही.

१२. आत्या आणि पुतण्या एकाच शर्यतीत कसे? ती बिचारी कायम शेवटीच येणार.

घरच्या शर्यतीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की कुणीही आपण नुसते गर्दी वाढवायला आलो असं समजून घरी जाऊ नये. त्यासाठी सवलतीची शर्यत घ्या. सरावात आत्याची सर्वोत्तम फेरी ४२ सेकंदांची आणि पुतण्याची ३६.५ सेकंदांची. फरक साडेपाच सेकंदांचा. शर्यत ८ फेऱ्यांची असेल, तर आत्याच्या एकूण वेळेतून ४४ सेकंद वजा करायचे. आता दोघंही स्वतःच्याच सरावाशी झुंजतात. सरावात मुद्दाम हळू चालवून सवलत लाटणारे निघतात, म्हणून नियम असा: शर्यतीतली एकही फेरी सरावापेक्षा दोन सेकंदांहून जास्त वेगाची झाली, तर सवलत रद्द.

दुसरा प्रकार अंदाजाच्या शर्यतीचा. प्रत्येकाने आपल्या पाच फेऱ्यांची एकूण वेळ आधी चिठ्ठीवर लिहून द्यायची. ज्याची वेळ अंदाजाच्या सर्वांत जवळ, तो विजयी. इथे वेग कामाचा नाही, स्वतःची ओळख कामाची. आमच्याकडे ही शर्यत बहुतेक वेळा साठीच्या पुढची मंडळी मारून नेतात.

१३. मागून धडक दिली तर काय शिक्षा? दादाने मला ढकलून नंबर काढला!

धडकेची जबाबदारी नेहमी मागच्याचीच. वळणाच्या आत शिरताना तुमची कार्ट निदान पुढच्याच्या बरोबरीने आलेली असेल तरच जागा मागा, नसेल तर पुढच्या वळणापर्यंत थांबा. ढकलून पुढे गेलेल्याने जागा परत द्यायची. दिली नाही तर त्या शर्यतीचे गुण शून्य. निर्णय ट्रॅकवरच्या माणसाचा, घरातल्या ज्येष्ठांचा नाही. काकांनी निकाल फिरवला की वाद जेवणापर्यंत पोहोचतो.

१४. माझी कार्ट प्रत्येक वळणावर गिरकी का घेते?

बहुधा तुम्ही वळता वळता ब्रेक दाबत आहात. भाड्याच्या कार्टमध्ये ब्रेक फक्त मागच्या आसावर असतो. चाकं वळलेली असताना तो दाबला की मागची बाजू पकड सोडून पुढे यायला बघते. सरळ असतानाच ब्रेक मारा, सोडा, मग स्टिअरिंग वळवा, आणि बाहेरचा रस्ता दिसला की अ‍ॅक्सिलरेटर द्या. दोन्ही पेडल एकाच वेळी कधीही दाबू नका, त्याने क्लच जळतो.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कारमध्ये डिफरन्शिअल असतं, त्यामुळे वळताना बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरू शकतं. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असतात. मग वळायचं कसं? आतलं मागचं चाक किंचित उचललं जावं लागतं. पुढच्या चाकांचा कल तसाच ठेवलेला असतो, की स्टिअरिंग वळवलं की आतली बाजू उचलली जाते. म्हणून स्टिअरिंग एकदा, ठामपणे आणि सलग वळवा. पुढे वाकून बसू नका, पाठ सीटला लावा. हे जमलं की फेरीची वेळ आपसूक खाली येते.

१५. झेंड्यांचे अर्थ थोडक्यात सांगा.

पिवळा: पुढे धोका, वेग कमी करा, कुणालाही मागे टाकू नका. निळा: मागून वेगवान कार्ट येतेय, जाऊ द्या. लाल: शर्यत थांबली. काळा: तुम्ही बाहेर या. चौकटींचा: संपलं. गिरकी घेऊन थांबलात तर कार्टमधून उतरायचं नाही, हात वर करून बसून राहायचं.

१६. काही कार्टना सीटबेल्ट असतो, काहींना नसतो. न बांधलेला चालेल?

असेल तर बांधाच. शर्यतीच्या कार्टना तो नसतो, कारण त्यांना डोक्यावर संरक्षक कमानही नसते. उलटलेल्या कार्टखाली बांधलेलं राहण्यापेक्षा बाजूला फेकलं जाणं बरं, असा त्यामागचा विचार आहे. दोन्ही रचना आपापल्या जागी योग्य आहेत. बेल्टवाल्या कार्टमध्ये बेल्ट न लावणं मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

१७. सोमवारी हात वर होत नाहीत, बरगड्या दुखतात. काही बिघडलंय का?

पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून मनगटं आणि दंड भरून येतात. वळणावर शरीर सीटच्या कडेवर दाबलं जातं, म्हणून बरगड्या दुखतात. सीट सैल होत असेल तर पॅडिंग मागा. एक-दोन दिवसांत दुखणं उतरायला हवं. श्वास घेताना कळ येत असेल तर अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवा.

जेवणाचंही इथेच सांगते. फेऱ्यांआधी केळं, पोहे आणि भरपूर पाणी. मामलेदारची मिसळ सगळं आटोपल्यावर. आदल्या रात्री दारू घेतलेल्याला आम्ही बसू देत नाही.

१८. लागलं तर मेडिक्लेम मिळतो का? ट्रॅकवर सही घेतात ते काय असतं?

आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या प्रमाणित अटींमध्ये धाडसी खेळांची वगळणूक आहे आणि तिच्यात मोटर रेसिंगचं नाव आहे. पण ती खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना लागू होते. हौशी माणसाचा उपचारखर्च केवळ त्या कलमावर नाकारला जायला नको. वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी मात्र वेगळ्या असू शकतात, तुमची पॉलिसी काढून वाचा. ट्रॅकवरचं हमीपत्र सही करण्याआधी वाचा. मुलांसाठी आई-वडिलांनीच सही करायची, सोबत आलेल्या मामाने नाही.

१९. ट्रॅकवर शिकलेलं पाम बीच रोडवर करून बघितलं तर?

आमच्या गटात याला एकच उत्तर आहे: तो माणूस पुढच्या वर्षी येत नाही. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन तास कार्ट चालवल्यावर आपली गाडी हळू चाललीय असं वाटतं, वेगाचा अंदाज चुकतो. परतताना आधी अर्धा तास बसून चहा घ्या.

२०. मुलीला खूळच लागलंय. पुढे काय करता येईल?

आधी तिला भरपूर भाड्याच्या कार्ट चालवू द्या. हौस टिकली तर पुढची पायरी १२५ सीसी टू-स्ट्रोक रोटॅक्स कार्टची. त्यात वयानुसार मायक्रो, मिनी, ज्युनियर, सीनियर असे वर्ग असतात. स्पर्धेसाठी एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स लागतं. महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा ट्रॅक आहे. पुण्याच्या डायना पंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंग अजिंक्यपद जिंकलं, ते जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तिला हे जरूर सांगा. खर्चाचं मात्र स्पष्ट बोलून घ्या. टायर, इंजिनाची देखभाल, प्रवास आणि शाळा बुडणं, सगळं धरून.

आणि ती दुसरी आली म्हणून रडत असेल, तर तिला सांगा: पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला आयर्टन सेना १९७९ आणि १९८० च्या जागतिक कार्टिंग स्पर्धेत दोन्ही वेळा दुसराच आला होता, आणि तो किताब त्याला कधीच मिळाला नाही.

२१. दोघांची सर्वोत्तम फेरी हजारांश सेकंदापर्यंत सारखी आली तर पुढे कोण उभा राहणार?

ज्याने ती वेळ आधी नोंदवली तो. फॉर्म्युला वनमध्येही हाच नियम आहे. १९९७ मध्ये स्पेनमधल्या हेरेसला व्हिलन्यूव्ह, शूमाकर आणि फ्रेन्टझन या तिघा चालकांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद आली. व्हिलन्यूव्हने ती सर्वांत आधी नोंदवली, म्हणून पोल, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, त्याला. अंदाजाच्या शर्यतीत बरोबरी झाली तर मात्र दोघांना पुन्हा दोन फेऱ्या द्यायच्या, नव्या चिठ्ठ्यांसह.